टेम्पो सुटण्याआधी आयआरएन: छोट्या धंद्यात जीएसटीचं ई-इनव्हॉइस बसवायचं तर

मुंबईतल्या छोट्या व्यापाऱ्यांचं ई-इनव्हॉइस बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतं. माल जातो, बिल छापून होतं, आणि आयआरएन, म्हणजे सरकारी पोर्टलवरून मिळणारा बिलाचा नोंदणी क्रमांक, काढायचं काम महिनाअखेरीच्या गठ्ठ्यातून सीएकडे जातं. जीएसटीच्या नियम ४८ मधला पोटनियम ५ याबाबत स्पष्ट आहे: ई-इनव्हॉइस लागू असलेल्या व्यापाऱ्याने ते न काढता दिलेलं बिल हे बिलच धरलं जात नाही. नागदेवी स्ट्रीटवरून बोल्टच्या पेट्या भरून टेम्पो निघाला आणि आयआरएन दुसऱ्या आठवड्यात काढला, तर कायद्याच्या हिशेबी तो माल बिलाशिवाय निघाला. त्यामुळे हे काम सीएच्या टेबलावर ठेवून चालत नाही. जिथे बिल फाटतं तिथेच ते बसवावं लागतं.

आधी एक गैरसमज. सरकारी साइटवर जाऊन बिल बनवणं म्हणजे ई-इनव्हॉइस नाही, आणि बिलाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं तर नाहीच. बिल तुमच्याच टॅलीत किंवा बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बनतं. त्याचा तपशील ठरलेल्या साच्यात आयआरपीकडे, म्हणजे बिल नोंदवणाऱ्या पोर्टलकडे जातो. तिथून ६४ अक्षरांचा आयआरएन आणि डिजिटल सही केलेला क्यूआर कोड परत येतो. तो बिलावर छापायचा. यापलीकडे नवीन काही नाही. त्रास होतो तो आपल्याकडचा डेटा कच्चा असतो म्हणून.

टप्पा १: तुम्हाला लागू आहे का, ते कागदावर मांडा

१ ऑगस्ट २०२३ पासून मर्यादा ५ कोटींची आहे. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका आर्थिक वर्षात उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर ई-इनव्हॉइस लागू. बहुतेक जण फक्त मागचं वर्ष पाहतात आणि फसतात. २०१८-१९ मध्ये ५.४० कोटी झाले, नंतर धंदा बसला आणि आता ३ कोटींवर आहे, तरी लागू.

उलाढाल पॅनवर मोजायची, जीएसटी नंबरवर नाही. नागदेवीचं दुकान ३.२० कोटींचं आणि त्याच पॅनवरचं वापीचं युनिट २.१० कोटींचं असेल तर बेरीज ५.३० कोटी, आणि दोन्हीकडच्या बिलांना ई-इनव्हॉइस. बेरजेत करमाफ विक्री आणि निर्यातही धरायची, जीएसटीची रक्कम वगळायची. भावाच्या वेगळ्या पॅनवरचा धंदा यात येत नाही.

चालू वर्षात पहिल्यांदाच ५ कोटी ओलांडले तर पुढच्या १ एप्रिलपासून सुरुवात. तिमाही रिटर्नची सोयही ५ कोटींपर्यंतच आहे. म्हणजे ज्या तिमाहीत मर्यादा ओलांडली तिच्या पुढच्या तिमाहीपासून जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, दर महिन्याच्या ११ तारखेला जाणार. दोन्ही बदल लागोपाठ अंगावर येतात, म्हणून तयारी आधीच सुरू करा.

बँका, विमा कंपन्या, एनबीएफसी, मालवाहतूक एजन्सी, प्रवासी वाहतूक करणारे, मल्टिप्लेक्स आणि एसईझेडमधली (विशेष आर्थिक क्षेत्रातली) युनिट्स यांना सूट आहे. उलाढाल मर्यादेच्या वर आहे पण सुटीच्या यादीत बसता, असं असेल तर तसं घोषणापत्र बिलावर छापणं नियमात आहे. साकीनाक्याचे ट्रान्सपोर्टवाले हे सहसा विसरतात, आणि मग समोरची पार्टी पेमेंट अडवून आयआरएन मागत बसते.

तपासा: ईइनव्हॉइस डॉट जीएसटी डॉट गव्ह डॉट इन या साइटवर कोणताही जीएसटी नंबर टाकून त्याची ई-इनव्हॉइसची स्थिती पाहता येते. पण तिथे 'एनेबल्ड' नाही म्हणजे सुटलो, असं धरू नका. ती यादी भरलेल्या रिटर्नवरून आपोआप तयार होते, जबाबदारी तुमच्या खऱ्या उलाढालीवरून ठरते. नाव नसेल तर पोर्टलवर स्वतः एनेबल करून घ्या.

टप्पा २: कोणत्या कागदाला आयआरएन, कोणत्याला नाही

जीएसटी नंबर असलेल्या पार्टीचं बिल, सरकारी खात्याचं बिल, एसईझेडला गेलेला माल, निर्यात, आणि या सगळ्यांच्या क्रेडिट नोट व डेबिट नोट, यांना आयआरएन लागतो. क्रेडिट नोट सर्वांत जास्त सुटते. माल परत आला, टॅलीत नोट टाकली, संपलं, असं नाही. तिलाही स्वतःचा आयआरएन हवा.

किरकोळ ग्राहकाचं बिल, करमाफ मालाचं बिल ऑफ सप्लाय, डिलिव्हरी चलन आणि अॅडव्हान्सची पावती यांना नको. भिवंडीच्या गोडाऊनमधून नागदेवीच्या दुकानात त्याच जीएसटी नंबरवर माल आणला तर चलन पुरतं, आयआरएन नाही. मात्र त्या मालाला ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागू शकतं, तो हिशेब वेगळा.

दोन जागा नीट बघा. महापालिका, सरकारी हॉस्पिटल किंवा एखाद्या सरकारी खात्याचा जीएसटी नंबर फक्त टीडीएस कापण्यापुरता घेतलेला असतो. 'तो खरा जीएसटी नंबर नाही' म्हणून दुकानदार किरकोळ बिल देतात. जुलै २०२३ च्या परिपत्रकाने स्पष्ट केलं आहे की अशा नंबरवरही ई-इनव्हॉइस लागतं.

दुसरी जागा काउंटरवरची. लोहार चाळीत माणूस येतो, रोख देऊन वायरची बंडलं उचलतो, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून कंपनीचा जीएसटी नंबर बिलात टाकायला सांगतो. किरकोळ म्हणून फाडलेल्या बिलात मागाहून नंबर घुसवायचा नाही. बिल करण्यापूर्वी 'जीएसटी नंबर टाकायचा आहे का?' हे विचारायची सवय काउंटरवरच्या पोराला लावा.

सावध: बिलाच्या कोपऱ्यात छापलेला यूपीआयचा क्यूआर म्हणजे ई-इनव्हॉइसचा क्यूआर नव्हे. किरकोळ बिलांवरच्या क्यूआरची सक्ती ५०० कोटींवरच्या धंद्यांना आहे, तुमचा तिच्याशी संबंध नाही.

टप्पा ३: मास्टर साफ करा

मास्टर म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या पार्ट्या, आयटम आणि दरांच्या कायमच्या नोंदी. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि नेमका हाच सगळे गाळतात. सॉफ्टवेअरवाला येतो, बटण चालू करून देतो, पहिल्या दिवशी दहातली चार बिलं पोर्टल परत पाठवतं, आणि मग 'ही सिस्टीमच भिकार आहे' असं ठरतं. सिस्टीम फक्त वर्षानुवर्षं लेजरमध्ये साठलेला गाळ दाखवत असते. एक अख्खा आठवडा याच कामाला द्या, आणि हाताखालच्या एकालाच द्या. दोघांनी मास्टर उघडले की एकाची दुरुस्ती दुसरा पुसतो.

पार्टीचे लेजर. प्रत्येक पार्टीचा जीएसटी नंबर पोर्टलवर शोधून चालू आहे की रद्द झाला, ते पाहा. नाव, पत्ता, राज्य आणि पिनकोड वेगवेगळ्या रकान्यांत हवेत. जुन्या लेजरमध्ये पिनकोड पत्त्याच्या शेवटच्या ओळीत चिकटलेला असतो. सॉफ्टवेअरला तो दिसत नाही, आणि बिल पिनकोड नाही म्हणून अडतं. पिनकोड आणि राज्य जुळलं पाहिजे. मुंबईकरांचा ठरलेला गोंधळ वापी, दमण आणि सिल्वासाचा असतो. वापी गुजरात, म्हणजे राज्याचा कोड २४. दमणचा जुना २५ गेला, आता दमण आणि सिल्वासा दोन्हींचा २६. 'वापीजवळचीच पार्टी आहे' म्हणून दमणच्या पार्टीला गुजरात लावून ठेवलेलं असतं, ते अडकतं.

सीप्झ. याचा वेगळा परिच्छेद करावा इतका हा खड्डा नेहमीचा आहे. अंधेरीच्या सीप्झमधलं युनिट तुमच्या दुकानापासून तासाभरावर, जीएसटी नंबरही २७ ने सुरू होणारा. त्यामुळे सॉफ्टवेअर डोळे मिटून सीजीएसटी आणि एसजीएसटी लावतं. पण एसईझेडला गेलेला माल कायद्याने आंतरराज्य पुरवठा समजला जातो, एकाच शहरात असला तरी. तिथे आयजीएसटी लागतो, आणि बिलाचा प्रकारही साधा ठेवून चालत नाही. कर भरून पुरवठा किंवा कराविना पुरवठा, यातला एक निवडावा लागतो. कराविना द्यायचं असेल तर त्या आर्थिक वर्षाचं एलयूटी (कराविना पुरवठ्यासाठीचं हमीपत्र) आधी भरलेलं हवं. लेजरमध्ये अशा पार्टीचा प्रकार 'एसईझेड' असा एकदाच नीट करून ठेवा, दर बिलाला आठवण ठेवायची वेळ येऊ देऊ नका.

मालाचे आयटम. ५ कोटींवरच्या धंद्याला एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गाचा कोड, किमान ६ अंकी लागतो. बऱ्याच हार्डवेअरच्या दुकानांत बोल्टला नुसता ७३१८ टाकलेला असतो, तो आता चालत नाही, ७३१८१५ हवा. सगळ्या आयटमची यादी एक्सेलमध्ये काढा, एचएसएनच्या रकान्यावर क्रम लावा, ४ अंकी आणि रिकामे सगळे एकदम वर येतात. त्याच यादीत दर पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंचे १२ आणि २८ टक्क्यांचे दर गेले आणि ५ व १८ चे आले. आयटमच्या मास्टरमध्ये जुना दर राहिला असेल तर तो बिलातही तसाच उतरणार, आणि मग चुकीच्या दराची बिलं क्रेडिट नोटने निस्तरत बसावं लागणार. एककही ठरलेल्या यादीतलंच लागतं: नग, किलो, मीटर, बॉक्स यांचे ठरलेले कोड आहेत. टॅलीत कुणीतरी 'पेटी' किंवा 'जुडी' असं एकक बनवलेलं असतं, त्याला यादीतला कोड जोडा.

हमाली आणि भाडं. बिलाच्या शेवटी 'इतर आकार' म्हणून ४०० रुपये टेम्पोभाडं कराविना जोडायची जुनी खोड आहे. माल पोहोचवायची जबाबदारी तुमची असेल तर ते भाडं मालाच्याच किमतीचा भाग होतं, आणि त्यावर मालाचाच दर लागतो. पोर्टल तो आकडा निमूट घेतं, चूक उघडी पडते ती ऑडिटमध्ये. पोर्टलने नाकारलं नाही म्हणजे बिल बरोबर, असं कधीच धरू नका.

तुमचे स्वतःचे पत्ते. माल भिवंडीहून निघत असेल तर ते गोडाऊन जीएसटी नोंदणीत जादा जागा म्हणून चढलेलं आहे ना, ते पाहा. नसेल तर आधी ते चढवा.

बिलाचा क्रमांक. जास्तीत जास्त १६ खुणा. अक्षरं, अंक, तिरपी रेघ आणि आडवी रेघ एवढंच चालतं, आणि सुरुवात शून्याने किंवा रेघेने करता येत नाही. 'नागदेवी/२०२५-२६/०४१२' हा क्रमांक इंग्रजी अक्षरांत २० खुणांचा होतो, तो नाकारला जाणार. 'एनडी/२५-२६/०४१२' हा १३ खुणांत बसतो. १ जून २०२५ पासून लहान-मोठी अक्षरं एकच धरली जातात, त्यामुळे लहान अक्षरांत एक मालिका आणि मोठ्या अक्षरांत दुसरी असला प्रकार असेल तर बंद करा. नवी मालिका १ एप्रिललाच सुरू करणं सोयीचं.

तपासा: मागच्या महिन्यातल्या सगळ्यांत मोठ्या २० पार्ट्या आणि सगळ्यांत जास्त खपणारे ५० आयटम घ्या. या सत्तर नोंदी डोळ्यांखालून घातल्या की रोजची बहुतेक बिलं निर्धोक होतात. उरलेले मास्टर जसजसे लागतील तसतसे दुरुस्त करा.

टप्पा ४: लॉगिन, आणि त्याआधी मोबाइल नंबर

ई-वे बिलाचं लॉगिन असेल तर तेच एनआयसीच्या (सरकारी संगणक केंद्राच्या) ई-इनव्हॉइस पोर्टलवर चालतं, नव्याने नोंदणी करायची गरज नाही. नसेल तर जीएसटी नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा, झालं. अडचण ओटीपीतच येते. जीएसटी नोंदणी २०१७ मध्ये घाईत झाली, आणि मोबाइल नंबर सीएच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी दिलेला, असं घरोघरी आहे. तो माणूस आता तिथे नाही. आधी जीएसटी पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करून मालकाचा किंवा भागीदाराचा नंबर चढवा, मग ई-इनव्हॉइस पोर्टलवर 'जीएसटी पोर्टलवरून अद्ययावत करा' हा पर्याय वापरा.

१ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांना पासवर्डबरोबर दुसरी खातरजमाही लागते: एसएमएस, संदेस ॲप किंवा एनआयसीचं जीएसटी शिल्ड ॲप. मालक गावी गेला आणि काउंटरवर ओटीपीसाठी सगळे फोन लावत बसले, हे टाळायचं तर बिल करणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या मोबाइल नंबरावर सब-युजर काढून द्या. मुख्य पासवर्ड कुणालाच देऊ नका. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा सब-युजर बंद.

टप्पा ५: एक्सेल की थेट जोडणी

दिवसाला चार-पाच बिलं असतील तर एनआयसीचं मोफत एक्सेल टूल पुरतं. त्यात भरायचं, जेसन फाइल (पोर्टलला वाचता येणाऱ्या साच्यातली फाइल) काढायची, पोर्टलवर चढवायची, आलेला क्यूआर बिलाला जोडायचा. एक्सेलमधले मॅक्रो चालू केल्याशिवाय ते टूल हलत नाही, पहिला अर्धा तास त्यातच जातो.

त्याहून जास्त बिलं असतील तर सॉफ्टवेअरमधून थेट जोडणीच घ्या. एक्सेलमध्ये आकडे दुसऱ्यांदा टाइप होतात, आणि दुसऱ्यांदा टाइप केलेला आकडा कधी ना कधी चुकतोच. टॅलीप्राइमसाठी पोर्टलच्या 'एपीआय नोंदणी' भागात जाऊन जीएसपी (पोर्टलशी जोडून देणारी मान्यताप्राप्त कंपनी) म्हणून टॅली निवडायचं आणि वेगळं युजरनेम-पासवर्ड बनवायचं. पोर्टलचं नेहमीचं लॉगिन तिथे चालत नाही. मग टॅलीत कंपनीच्या जीएसटी सेटिंगमध्ये ई-इनव्हॉइस 'होय' करून 'लागू दिनांक' टाकायचा. दिनांक मागचा टाकलात तर जुनी बिलंही प्रलंबित दिसायला लागतील.

टप्पा ६: पहिलं बिल

खोटं बिल करून बघू आणि मग रद्द करू, हा मोह आवरा. चालू पोर्टलवर गेलेलं प्रत्येक बिल खरं समजलं जातं, तुमच्या जीएसटीआर-१ मध्ये जातं, आणि ज्या पार्टीचा नंबर वापरलात तिच्याकडेही उमटतं. पहिलं बिल खरंच करा, पण साधं निवडा: महाराष्ट्रातली ओळखीची पार्टी, एकच आयटम, सवलत नाही, भाडं नाही. सकाळी करा, घाईच्या वेळी नको.

आयआरएन आला की छापलेल्या बिलावरचा क्यूआर जीएसटीएनच्या (जीएसटी पोर्टल चालवणाऱ्या संस्थेच्या) 'ई-इनव्हॉइस क्यूआर कोड व्हेरिफायर' ॲपने स्कॅन करा. विक्रेत्याचा आणि ग्राहकाचा जीएसटी नंबर, बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम, किती आयटम आणि मुख्य एचएसएन, हे त्यात दिसलं पाहिजे. या क्यूआरमध्ये सहीचा मजकूर ठासून भरलेला असतो, म्हणून त्याचे ठिपके फार बारीक येतात. जुन्या डॉट मॅट्रिक्सवर तो काळा डाग होतो. अर्ध्या पानाच्या बिलात जागा होत नाही म्हणून त्याला आक्रसून कोपऱ्यात बसवला तरी तेच. बिलाचा नमुना बदला, क्यूआर लहान करू नका. आयआरएनची लांबलचक ओळ छापली नाही तरी चालतं, कारण ती क्यूआरमध्ये असते.

टप्पा ७: रोजचा क्रम

ऑर्डर पक्की. बिल टॅलीत. आयआरएन. ई-वे बिल लागत असेल तर ते. छपाई. मगच माल टेम्पोत. हा क्रम काउंटरसमोरच्या भिंतीवर चिकटवा.

संध्याकाळी सहाची वेळ धरा. टेम्पोवाला गल्लीत उभा, मागे हॉर्न, आणि बिलावर आयआरएन यायचा बाकी. इथेच 'तू नीघ, मी व्हॉट्सअ‍ॅप करतो' होतं. रस्त्यात गाडी तपासली गेली तर बिलाशिवाय माल म्हणून कलम १२९ लागू शकतं, आणि त्यात मालक पुढे आला तरी दंड कराच्या दुप्पट. १ लाखाच्या मालावर १८ टक्क्यांनी १८,००० कर, म्हणजे ३६,००० दंड. वर बिलच न देण्याबद्दल कलम १२२ खाली १०,००० रुपये किंवा कराची रक्कम, जे जास्त असेल ते. टेम्पोवाल्याला दहा मिनिटं थांबवणं स्वस्त. आयआरएन काढून झाला असेल आणि फक्त प्रिंटर रुसला असेल, तर क्यूआर त्याच्या मोबाइलवर पाठवून गाडी सोडायला हरकत नाही, नियमात ते बसतं.

ई-वे बिलाची मर्यादा महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख आणि राज्याबाहेर ५० हजार. ही रक्कम करासकट धरायची. ९५,००० चा माल 'लाखाच्या आत आहे' म्हणून सोडला जातो, पण १७,१०० कर धरून तो १,१२,१०० होतो. आयआरएन काढतानाच गाडीचा नंबर टाकला तर ई-वे बिल त्याच फेरीत निघतं.

एक फसवी सवलत: १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि त्यावरच्या धंद्यांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत नोंद करावीच लागते, त्यानंतर पोर्टल घेतच नाही. ही शेवटची कडी आहे, मुभा नाही. मालाचं बिल माल निघण्याआधी किंवा निघताना द्यायचं असतं, आणि आयआरएनशिवाय ते बिलच नाही. ५ ते १० कोटींमधल्यांना ३० दिवसांची कडी नाही, पण हा नियम त्यांनाही आहेच.

टप्पा ८: बिल अडलं किंवा चुकलं तर

पोर्टल नकार देताना कोड देतं. रोज भेटणारे पाच:

२१५० म्हणजे या क्रमांकाचा आयआरएन आधीच निघाला आहे. नेट मध्येच गेलं, उत्तर आलं नाही, म्हणून पुन्हा बटण दाबलं की हा येतो. घाबरून क्रमांक बदलून नवं बिल करायचं नाही. तसं केलं की एकाच मालाची विक्री दोनदा नोंदते आणि कर दोनदा लागतो. पोर्टलवरून किंवा सॉफ्टवेअरमधून आधीचा आयआरएन मागवून घ्या.

३०२८ म्हणजे पार्टीचा जीएसटी नंबर ई-इनव्हॉइस पोर्टलच्या नोंदींत सापडत नाही. नोंदणी नवी असेल तर असं होतं. पोर्टलवर जीएसटी नंबर 'सिंक' करण्याची सोय आहे, ती वापरून पुन्हा पाठवा.

३०२९ म्हणजे नंबर चालू नाही. पार्टीला फोन करा. माल थांबवा, बिलही थांबवा.

३०३९ पिनकोड राज्याशी जुळत नसल्याचा. २१७२ राज्यातल्या राज्यात आयजीएसटी लावल्याचा. हे दोन्ही टप्पा ३ मध्ये केलेल्या आळसाचे.

आयआरएन निघाल्यावर चूक दिसली तर बिलात दुरुस्ती करता येत नाही. पूर्ण बिल रद्द करता येतं, तेही २४ तासांत, आणि ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. रद्द केलेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. पोर्टलवर रद्द केलं की टॅलीतही रद्द करा, नाहीतर विक्रीचा आकडा दोन ठिकाणी दोन राहतो. २४ तास उलटले तर आयआरएनसकट क्रेडिट नोट आणि नवं बिल, हा मार्ग. म्हणून दर संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी त्या दिवसाची बिलं पाच मिनिटं चाळा. मुदत अजून हातात असते.

टप्पा ९: महिनाअखेर

आयआरएन मिळालेली बिलं जीएसटीआर-१ मध्ये आपोआप उतरतात. त्यावर टॅलीची जेसन पुन्हा चढवायची सवय मोडा. त्याने त्या नोंदींसमोरचा आयआरएन पुसला जातो आणि ग्राहकाच्या सीएचा फोन येतो. महिना संपला की तीन आकडे शेजारीशेजारी मांडा: टॅलीतली जीएसटी नंबरवाल्या पार्ट्यांची विक्री, पोर्टलवरच्या चालू आयआरएनची बेरीज, आणि जीएसटीआर-१ मध्ये उतरलेला आकडा. फरक पडला तर पहिल्यांदा रद्द बिलं पाहा, मग क्रेडिट नोटा, मग महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांची बिलं. बहुतेक वेळा तिसऱ्यापर्यंत जावंच लागत नाही. हे ५ तारखेला करा, ११ च्या आदल्या रात्री नाही.

जीएसटी पोर्टलवरून ई-इनव्हॉइसच्या जेसन मागच्या ६ महिन्यांच्याच उतरवून घेता येतात. हिशेब मात्र वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचा असतो. दर महिन्याची जुळणी झाली की त्याच बैठकीत जेसन उतरवून घ्या आणि दुकानाच्या कॉम्प्युटरबाहेर, वेगळ्या डिस्कवर ठेवा. पावसाळ्यात मस्जिद बंदरच्या तळमजल्यांवर पाणी कुठवर चढतं ते तिथल्या दुकानदारांना सांगायला नको.

आणि एनआयसीचं पोर्टल बंद असेल तर? आयआरपी एकच नाही. एनआयसीचे दोन आहेत, शिवाय क्लिअर, सिग्नेट, आयरिस, ईवाय यांच्यासारखे खासगीही आहेत, आणि कुठूनही काढलेला आयआरएन सारखाच मानला जातो. यांपैकी एका दुसऱ्या पोर्टलवर शांत दिवशी नोंदणी करून, एक खरं बिल तिथून काढून बघून ठेवा.